भित्तिपटाखाली विणकराचेही नाव हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्ययुगीन दंतकथांवर आधारलेल्या शोभेच्या भित्तिपटांविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा आनंदाने वाचला, कारण टॅपेस्ट्री, म्हणजे मागावर चित्रच विणून केलेला पट, हा विषय मराठी वृत्तपत्रात एवढी जागा घेऊन क्वचितच येतो. दुसऱ्यांदा मात्र हातात पेन्सिल होती. लेखासोबत ‘होली ग्रेल’ मालिकेतील अखेरच्या पटाचे मोठे रंगीत छायाचित्र होते आणि त्याखाली ‘चित्रकार : एडवर्ड बर्न-जोन्स’ एवढीच ओळ होती. लेखाच्या शेवटी, एकशिंगी घोडे आणि किल्ले छापलेले कृत्रिम धाग्याचे जे पडदे हल्ली भिंतीवर टांगण्यासाठी विकले जातात, त्यांना ‘त्याच परंपरेचा आजचा अवतार’ म्हटले होते. वरवर पाहता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते ती एकच चूक आहे, आणि ती केवळ शब्दांची नाही. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. कात्री लावायची झाल्यास माझ्या स्वतःविषयीचा मजकूर आधी कापावा.

छापील कापडात कापड आधी तयार असते आणि चित्र त्यावर नंतर येते. भरतकामातही कापड आधी असते, सुई नंतर येते. टॅपेस्ट्रीत मात्र आरंभी मागावर नुसते उभे धागे ताणलेले असतात. कापडही नसते आणि चित्रही नसते. विणकर प्रत्येक रंगाचा आडवा धागा त्या रंगाच्या हद्दीपुरताच नेतो, मग ती हद्द चार उभ्या धाग्यांची असो वा चाळीस, आणि तेथूनच तो मागे वळवून, ठोकून खाली बसवतो. शेजारच्या रंगाची कांडी वेगळी, तिची ये-जा वेगळी. साध्या विणीत धोटा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. येथे तशी धाव नसतेच. एकाच ओळीत वीस-पंचवीस कांड्या लोंबत असतात आणि विणकर त्यांपैकी नेमकी हवी ती उचलतो. शेवटी उभे धागे आडव्या धाग्यांखाली संपूर्ण झाकले जातात, म्हणजे ज्याच्या आधारावर सगळे उभे राहिले तेच दिसेनासे होते. पैठणीच्या पदरावरचा मोर ज्यांनी उलटसुलट करून न्याहाळला असेल त्यांना या कामाची जात लगेच ओळखू येईल. सांगायचे एवढेच की येथे चित्र आणि कापड एकाच वेळी, एकाच हाताने जन्माला येतात, आणि तो हात चित्रकाराचा नसतो.

हे मला पुस्तकातून कळले होते, पण पटले ते स्वतः करून पाहिल्यावर. घरी एका जुन्या लाकडी चौकटीला खिळे ठोकून मी सुती दोरा ताणला आणि तळहाताएवढे एक पान विणायला घेतले. पहिल्या दोन संध्याकाळीत ते कापड कमरेत आवळल्यासारखे मधोमध अरुंद झाले. आडवा धागा सरळ ओढून बसवला की तो दोन्ही काठांना आत खेचतो. तो आधी कमानीसारखा सैल सोडायचा आणि मग ठोकायचा असतो, हे मला सगळे उसवून पुन्हा विणताना कळले. पुढची अडचण पानाच्या मधल्या शिरेची निघाली. उभी रेघ सरळ विणत गेले की दोन रंगांच्या मध्ये फट राहते, कारण दोन्ही धागे आपापल्या हद्दीतून परत फिरलेले असतात आणि त्यांची एकमेकांशी गाठच पडत नाही. ही फट नंतर सुईने शिवावी, किंवा धागे एकमेकांत अडकवावेत, किंवा चित्रच आडवे करून विणावे म्हणजे उभी रेघ आडवी होते. मध्ययुगातील विणकर बहुधा हा शेवटचा मार्ग घेत. पटावर उभी दिसणारी माणसे मागावर आडवी निजलेली असत. मी चौकट फिरवली, सुरुवातीपासून विणले आणि पान पूर्ण व्हायला एकंदर नऊ संध्याकाळ लागल्या. ते पान काही फार सुंदर नाही. पण त्यानंतर कुठल्याही संग्रहालयातील पटासमोर उभे राहिल्यावर माझी नजर आधी चेहऱ्यांकडे न जाता पानांच्या कडांकडे जाऊ लागली.

लेखात फ्रान्समधील बायो गावचा प्रसिद्ध पटही ओघाने टॅपेस्ट्री म्हणून आला आहे. हा दोष लेखकाचा नाही, साऱ्या जगाचा आहे. सुमारे 70 मीटर लांबीचा तो पट लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, कापडावर लोकरीने केलेले भरतकाम आहे आणि तरीही त्याला टॅपेस्ट्रीच म्हटले जाते. पण त्याची एक गोष्ट माझ्या मुद्द्याला इतकी जवळची आहे की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातल्या लीक या गावी एलिझाबेथ वॉर्डल यांनी 1885 मध्ये गावातील भरतकाम करणाऱ्या स्त्रियांना एकत्र करून या संपूर्ण पटाची हुबेहूब प्रत करायला घेतली, आणि पस्तीसेक स्त्रियांनी ती वर्षभरात पूर्ण केली. त्यांच्यासमोर मूळ पट नव्हता, त्याची छायाचित्रे होती. आणि त्या छायाचित्रांत मूळच्या काही नग्न आकृती आधीच सभ्य करून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे लीकच्या पटावरील एका गृहस्थाला मध्ययुगात कधीच नसलेली आखूड चड्डी मिळाली. आज ती प्रत रेडिंगच्या संग्रहालयात आहे. लोक त्या चड्डीला हसतात. मला मात्र तेथली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते : आपण भरलेल्या भागाखाली प्रत्येक स्त्रीने स्वतःचे नाव सुईने घातले आहे. मूळ बायो पट कोणाच्या हातांनी भरला त्यांपैकी एकाही व्यक्तीचे नाव त्यावर नाही. प्रतीने मूळ कृतीपेक्षा एवढे एकच पाऊल पुढे टाकले आणि ते नेमके योग्य दिशेने टाकले.

या लीक गावाचा आणि आपल्या लेखातील मुख्य व्यक्तीचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवी व नक्षीकार विल्यम मॉरिसचा, संबंध जवळचा आहे. एलिझाबेथबाईंचे पती थॉमस वॉर्डल यांच्या रंगशाळेतच मॉरिस 1875 नंतर वनस्पतिजन्य रंग शिकायला जात असे. 1856 मध्ये पर्किनने कृत्रिम जांभळा रंग शोधल्यापासून बाजारात डांबरजन्य भडक रंगांचा सुळसुळाट झाला होता आणि मॉरिसला ते डोळ्यांसमोर नको होते. त्याने नीळ, मंजिष्ठेच्या जातीचे मूळ, वेल्ड नावाच्या रोपाचा पिवळा, अक्रोडाच्या सालीचा तपकिरी आणि किरमिजी किड्यांचा लाल अशी जुनी सामग्री पुन्हा जमवली. निळीच्या पिंपात हात घालून घालून त्याचे हात कोपरापर्यंत निळे होत आणि तसल्याच हातांनी तो लोकांना भेटायला जाई. येथे हेही सांगायला हवे की न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयातील एकशिंग्याच्या शिकारीचे जे सात पट साधारण 1500 च्या आसपास विणले गेले, त्यांची सगळी रंगसंपदा मुख्यतः तीनच वनस्पतींतून आलेली आहे : पिवळ्यासाठी वेल्ड, लालसाठी मंजिष्ठेची जात आणि निळ्यासाठी वोड. हिरवा म्हणजे एकावर एक चढवलेले निळा आणि पिवळा. पाचशे वर्षांत त्यातला पिवळा आधी विटला, म्हणून जुन्या पटांतली झाडे आज जराशी निळसर दिसतात.

मॉरिसच्या काळी टॅपेस्ट्री मेली नव्हती हे खरे, पण तिची अवस्था चमत्कारिक झाली होती. पॅरिसचा गोबलँ कारखाना तेव्हाही चालू होता आणि तेथील विणकरांचे कौशल्य अचाट होते. पण ते कौशल्य तैलचित्रांची नक्कल करण्यात खर्ची पडत होते. तेथील रंगविभागाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल, यांनी रंगांची जी मोजदाद केली तीत 14 हजारांहून अधिक छटा भरल्या, कारण कुंचल्याने सहज साधणारी गालावरची लाली धाग्याने साधायची म्हणजे छटांवर छटा लागणारच. विणकाम हे असे चित्रकलेच्या दारात उभे राहिले की ते कितीही निपुण असले तरी दुय्यमच ठरते. मॉरिसने गोबलँवर टीका केली ती यासाठी, आणि या बाबतीत त्याचा तिखटपणा मला पूर्ण मान्य आहे.

टीका करून तो थांबला नाही, हे त्याचे वेगळेपण. 1879 च्या मे महिन्यात त्याने लंडनच्या हॅमरस्मिथ भागातील आपल्या घरी, चक्क निजायच्या खोलीत, उभा माग लावला. शिकवणारे कोणी नव्हते; एका जुन्या फ्रेंच ग्रंथातील वर्णन आणि आकृत्या एवढाच आधार होता. पहाटे उठून, इतर कामे सुरू होण्यापूर्वी, तो विणायला बसे आणि किती तास विणले याची वहीत नोंद ठेवी. 10 मे ते 17 सप्टेंबर या काळात त्या नोंदी 516 तासांवर गेल्या. अकँथसची रुंद पाने, द्राक्षवेल आणि पक्षी असा तो पट होता. ती पाने इतकी गुबगुबीत झाली की त्याने स्वतःच त्या पटाला ‘कोबी आणि द्राक्षवेल’ म्हणायला सुरुवात केली. पंचेचाळिशीत, नावारूपाला आलेला कवी आणि व्यावसायिक असताना, एखादी कला अगदी ओनाम्यापासून शिकायला बसणे आणि आपल्या फसलेल्या पानांना स्वतःच कोबी म्हणणे, या दोन्ही गोष्टींबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे. माझ्या पानाला मी अजून नाव दिलेले नाही.

1881 मध्ये त्याची कंपनी लंडनच्या दक्षिणेला वँडल नदीकाठी मर्टन ॲबे येथे गेली आणि टॅपेस्ट्रीचे मोठे माग तेथे उभे राहिले. जॉन हेन्री डर्ल हा मॉरिसचा पहिला शागीर्द. पुढे नव्या मुलांना शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. मर्टनचे माग उभ्या ताण्याचे होते. विणकर पटाच्या मागल्या बाजूला बसे आणि आपण काय विणतो आहोत ते त्याला समोर ठेवलेल्या आरशात, ताणलेल्या उभ्या धाग्यांच्या फटींतून पाहावे लागे. म्हणजे ज्या पटासमोर आपण उभे राहतो ती बाजू विणणाऱ्याने थेट कधी पाहिलेलीच नसे. त्याच्या डोळ्यांसमोर कायम गाठी आणि लोंबणारे दोरे. पट पूर्ण होऊन मागावरून उतरला म्हणजे त्याची आणि त्याच्या कामाची समोरासमोर भेट होई. आपल्या लेखात मर्टनचे वर्णन ‘कलावंतांचा आश्रम’ असे आले आहे. तेथील माग मुख्यतः कोवळ्या वयाची मुले चालवत होती, लहान बोटांना हे काम अधिक जमते असे मॉरिसचे मत होते आणि त्यांच्यापैकी काहींच्या राहण्या-जेवणाची सोय कारखान्यातच होती, हेही त्या वर्णनात यायला हवे होते. त्या काळातील इतर कारखान्यांशी तुलना करता नदीकाठची ती जागा पुष्कळ बरी होती. तरी आश्रम हा शब्द मला जड वाटतो.

त्या मुलांतील काहींची नावे आपल्याला ठाऊक आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ‘द ऑर्चर्ड’ नावाचा 1890 चा एक पट आहे. फळांनी लगडलेली झाडे आणि त्यांच्यापुढे हातांत लांब पट्टी धरून उभ्या असलेल्या आकृती, असे त्याचे स्वरूप. पट्टीवरील कविता मॉरिसची, आकृती मूळच्या त्यानेच केंब्रिजच्या एका प्रार्थनागृहाच्या छतासाठी योजलेल्या, आणि त्या पटाच्या नोंदीत आराखडा करणाऱ्यांच्या खालोखाल विल्यम नाइट, विल्यम स्लीथ आणि जॉन मार्टिन या तीन विणकरांची नावे आहेत. संग्रहालयाला जे जमते ते वृत्तपत्राच्या चित्रओळीला का जमू नये? जागा तर एका ओळीचीच लागते.

आता ज्या पटाचे छायाचित्र आपण छापले त्याकडे वळते. ‘होली ग्रेल’ मालिका 1890 मध्ये विल्यम नॉक्स डार्सी या धनिकाने मिडलसेक्समधील स्टॅनमोर हॉल या आपल्या वाड्याच्या भोजनगृहासाठी सांगितली. विषय किंग आर्थरच्या सरदारांनी केलेल्या पवित्र चषकाच्या शोधाचा. आधार टॉमस मॅलरीच्या गद्यकथेचा, जी कॅक्स्टनने 1485 मध्ये छापली होती. आपल्याकडे गोलमेज म्हटले की परिषद आठवते. ही ती मूळची गोलमेज. पहिल्या पटात सरदार मेजाभोवती बसलेले आहेत, एक अनोळखी तरुणी येऊन त्यांना शोधाला निघायचे आवाहन करते आहे, आणि एक आसन रिकामे आहे. त्या आसनावर अपात्र माणूस बसला तर त्याचा नाश होतो अशी समजूत. दुसऱ्यात शस्त्रे बांधून प्रस्थान. मग दोन अपयशे : गवेन आणि त्याचा सोबती प्रार्थनागृहाच्या दाराशी पोचतात आणि देवदूत त्यांना अडवतो, लान्सलॉट तर दाराशी येऊन झोपी गेलेला आहे. मला सगळ्या मालिकेत हा झोपलेला लान्सलॉट सर्वांत आवडतो. शूर माणसाचे अपयश म्हणजे रणात पडणे असे आपण धरून चालतो. येथे तो योग्य क्षणी जागा नव्हता, एवढेच त्याचे अपयश. पाचव्या पटात नुसते जहाज. आणि सहाव्यात, म्हणजे आपण छापलेल्या पटात, गॅलाहॅड दाराशी गुडघे टेकून आहे, आत वेदीवर चषक आहे, आणि बॉर्स व पर्सिव्हल हे त्याचे दोन सोबती दूर अंतरावर थांबलेले आहेत, कारण मध्ये तीन देवदूत उभे आहेत.

लेखकाने या पटाविषयी लिहिताना चेहऱ्यांच्या उदासीवर दोन सुंदर परिच्छेद खर्च केले आहेत. ते चेहरे निःसंशय बर्न-जोन्सचे आहेत. पण छायाचित्र पुन्हा पाहावे आणि नजर खालच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवावी. गॅलाहॅडच्या भोवती लिलीची झुडपे आहेत, पुढे जमिनीवर फुलांचा गालिचा आहे, दाट रानाच्या काळोख्या हिरव्यावर एकेक पाकळी स्पष्ट उमटली आहे. ही फुले बर्न-जोन्सने रेखाटली नाहीत. तो लहान आकाराची चित्रे काढी, त्यांत आकृती आणि त्यांची मांडणी नेमकी असे. मग छायाचित्रणाने ती पटाच्या आकाराएवढी मोठी केली जात आणि पार्श्वभूमी, फुले, वस्त्रांवरील नक्षी ही डर्ल भरी. एकंदर योजना आणि रंगसंगतीवर मॉरिसची देखरेख. त्यानंतर मागावर बसलेल्या विणकराला छटा निवडण्यात आणि त्या एकमेकींत मिसळण्यात बरीच मोकळीक होती, आणि ती असणे भागच होते. कारण दोन रंगांच्या सीमेवर एका रंगाचे दात दुसऱ्यात किती खोल घुसवायचे, सुरकुतीवरचा उजेड रेशमाने दाखवायचा की लोकरीने, हे कागदावर ठरत नाही. लोकर प्रकाश पिते, रेशीम तो परत देते. बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात या पटाची जी दुसरी विणलेली प्रत आहे ती सुमारे अडीच मीटर उंच आणि जवळपास सात मीटर लांब आहे. एवढ्या क्षेत्रात प्रत्येक बोटभर जागेत असा एक तरी निर्णय कोणीतरी घेतलेला आहे. ‘चित्रकार : बर्न-जोन्स’ ही ओळ खोटी नाही, ती एवढ्या निर्णयांपैकी फक्त पहिल्या काहींची पोचपावती आहे.

मोठ्या सहा पटांच्या खाली लावण्यासाठी आणखी पट्टेही विणले होते, त्यांचा लेखात उल्लेख नाही. त्यांत माणूस एकही नाही : रान, हरणे आणि झाडांच्या फांद्यांना टांगलेल्या सरदारांच्या ढाली. माझ्या दृष्टीने ती या संचातील सर्वांत खरीखुरी टॅपेस्ट्री आहे, कारण तिथे कथा सांगण्याची घाई नाही आणि पानापानांत विणकराचा हात मोकळा सुटला आहे.

एका बाबतीत लेखक मॉरिसवर जास्तच मेहेरबान झाले आहेत. ही चळवळ ‘सामान्य माणसाच्या घरात सौंदर्य नेणारी’ होती, असे त्यांनी लिहिले आहे. मॉरिसला तसे हवे होते, त्यासाठी तो सभांतून बोलला आणि समाजवादी चळवळीत उतरला, हे खरे. पण ज्या डार्सीने हा संच विणून घेतला त्याची संपत्ती ऑस्ट्रेलियातल्या माउंट मॉर्गन येथील सोन्याच्या खाणीतून आली होती, आणि 1901 मध्ये इराणच्या भूमीतील तेलाचा मक्ता मिळवणारा डार्सी तो हाच. हाताने विणलेला पट स्वस्त असूच शकत नाही. विणकराला रास्त मजुरी दिली की तो श्रीमंताच्याच भिंतीवर जातो, आणि सामान्य माणसाला परवडेल असा केला की विणकर उपाशी राहतो किंवा माग यंत्राचा होतो. आपले आयुष्य श्रीमंतांच्या चैनीची चाकरी करण्यात चालले आहे, अशी चिडचिड मॉरिस स्वतः करीत असे. या पेचातून तो सुटला नाही, आणि कोणी सुटला आहे असे मला वाटत नाही. छापील पडदा हा या पेचावरचा तोडगा आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण त्यात पेचाची एक बाजूच, म्हणजे विणणारा, उचलून बाहेर ठेवलेली आहे.

येथे कोणी विचारील की मग यंत्रावर विणलेल्या प्रतिकृतींचे काय. जॅकार्ड मागावर विणलेले ‘लेडी अँड द युनिकॉर्न’ या प्रसिद्ध मध्ययुगीन मालिकेचे पट पुष्कळ मिळतात. ते निदान विणलेले असतात, चित्र कापडाच्या अंगातच असते, आणि त्यांना ‘यंत्रावर विणलेली प्रतिकृती’ म्हटले की माझा वाद मिटतो. छापील पडद्यांशीही माझे वैर नाही. एकशिंगी घोडा आवडणाऱ्या मुलाने तो खोलीत खुशाल टांगावा. त्याला परंपरेचा अवतार म्हणू नये, इतकेच.

आणि परंपरेचा खरा धागा पाहायचा असेल तर तो मर्टनपासून पुढे स्पष्ट दिसतो. 1912 मध्ये ब्यूटच्या सरदाराने एडिंबरोजवळ कॉर्स्टॉर्फिन येथे डव्हकॉट नावाची विणशाळा काढली, तेव्हा मर्टनहून गॉर्डन बेरी आणि जॉन ग्लासब्रुक हे दोन कसबी विणकर तेथे गेले. ‘द लॉर्ड ऑफ द हंट’ हा पहिला प्रचंड पट त्यांनी मागावर चढवला. मग पहिले महायुद्ध आले. दोघेही सैन्यात गेले आणि दोघेही परतले नाहीत. अर्धवट पट थांबला तो थांबलाच. युद्धानंतर शागिर्दांनी आणि इतरांनी तो 1924 मध्ये पुरा केला. त्या पटाचा आराखडा आज कोणीही पुन्हा काढू शकेल. जे युद्धात गेले ते हात होते, आणि हे विणशाळा विसरली नाही. मर्टनचे माग 1940 मध्ये बंद पडले. डव्हकॉट आजही विणते आहे.

स्कॉटलंडमध्येच स्टर्लिंगच्या किल्ल्यासाठी 2001 पासून आणखी एक काम झाले. स्कॉटलंडचा राजा पाचवा जेम्स याच्या दरबारच्या जुन्या यादीत एकशिंग्याच्या कथेवरील पटांची नोंद होती, पट मात्र केव्हाच नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी न्यूयॉर्कच्या शिकारपटांच्या आधारे सात पट नव्याने हाताने विणायचे ठरले; इंग्लंडमधील वेस्ट डीन येथील विणशाळेच्या विणकरांनी हे काम घेतले, त्यातला काही भाग किल्ल्याच्या आवारातच लोकांसमोर विणला गेला, आणि पूर्ण संच 2015 मध्ये राजवाड्यात टांगला गेला. येणारे प्रवासी मागाशेजारी उभे राहून विणकरांशी बोलत. फ्रान्समध्ये झां ल्युर्सा या चित्रकाराने आँजे येथील चौदाव्या शतकातील ‘अपोकॅलिप्स’चे पट पाहिले आणि त्यांतील मोजके रंग, जाडसर वीण व निःसंकोच सपाटपणा यांनी तो इतका भारावला की टॅपेस्ट्रीसाठी प्रसिद्ध असलेल्या ओबुसाँ गावच्या मागांवर त्याने मोजक्या, क्रमांक दिलेल्या रंगांचे काम सुरू केले. मॉरिस आणि ल्युर्सा यांच्या आवडीनिवडी अगदी वेगळ्या; पण मध्ययुगाकडे दोघे गेले ते किल्ले आणि सरदार उचलायला नाही, तर कमी रंगांत, विणकराच्या अकलेवर विसंबून पट कसा उभा करीत ते पाहायला. लेखाच्या शेवटी ज्या पडद्यांची भलावण झाली आहे त्यांनी नेमके किल्ले आणि सरदार तेवढे उचलले आहेत.

तेव्हा माझ्या विनंत्या दोनच आहेत. पुढील अंकात त्या छायाचित्राची दुरुस्त ओळ छापावी : ‘आकृती – एडवर्ड बर्न-जोन्स, योजना – विल्यम मॉरिस, फुले व नक्षी – जॉन हेन्री डर्ल, वीण – मर्टन ॲबेचे विणकर’. छायाचित्र नेमक्या कोणत्या प्रतीचे आहे ते कळले, तर तेही द्यावे. कारण हा पट 1890 च्या दशकात एकाहून अधिक वेळा विणला गेला आणि प्रत्येक वेळी मागावर बसणारे हात तेच होते असे नाही. ते ज्या संग्रहाकडून मिळाले असेल त्यांच्या नोंदीत विणकरांची नावे सापडली, तर ‘मर्टन ॲबेचे विणकर’ हे शब्द काढून तेथे ती नावेच घालावीत. दुसरी विनंती, छापील पडद्यांसाठी पुरवणीने ‘छापील भित्तिपट’ हा साधा शब्द वापरावा. टॅपेस्ट्री हा शब्द मागावरच्या कामासाठी राहू द्यावा.

लेखकांना माझा नमस्कार कळवावा. त्यांना हवे असल्यास माझे ते नऊ संध्याकाळींचे पान मी पाहायला पाठवीन. मात्र त्यांनी आधी त्याची मागची बाजू पाहावी.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक